रेनातोची गोष्ट सांगणारा झिपरू

आमच्या वायनरीत पाहुण्यांना वाइनच्या गोष्टी सांगणारा जो कुंदन आहे, त्याचं खरं नाव झिपरू. त्या आवारात हे माहीत असलेली मी एकटीच. ऑफिस माझ्याकडे, पगार माझ्याकडे, मग आधार कार्डावरचं नाव माझ्यापासून लपणार कुठे? कामावर रुजू झाला त्या दिवशी टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "उज्वलाताई, बिल्ल्यावर कुंदन टाका ना. झिपरू नको." मी विचारलं, "अरे, पण कुंदन कोण?" तर म्हणे, मीच.

हे नाव त्याने पिंपळगाव बसवंतला उचललं होतं. तिथे द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये तो पेट्या लादायला होता. पहिल्या दिवशी मुकादमाने नाव विचारलं तेव्हा समोर एक टेम्पो उभा होता आणि त्याच्या पाठीवर लाल अक्षरांत 'कुंदन' रंगवलेलं होतं. याने तेच सांगून टाकलं. लोक देवाचं नाव घेतात, आजोबाचं घेतात, या पठ्ठ्याने टेम्पोचं घेतलं. यावरून मी त्याला पुष्कळ छळलं आहे.

पोरगा हुशार, त्यात शंका नाही. हरसूलच्या पुढे डोंगरात त्याचा पाडा. आश्रमशाळेत शिकला, आयटीआय केली, आमच्याकडे बाटल्या धुवायला लागला आणि पाच वर्षांत टेस्टिंग रूममध्ये उभा राहिला. इंग्रजी मोबाइलवर ऐकून ऐकून शिकला. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला जेल, केस तर असे बारीक कापलेले की शिपाईगडी वाटावा. त्या केसांमागे काय आहे ते मला त्याच्या लग्नात कळलं.

लग्न नाशिकला, मुलगी सिडकोतली, तृप्ती नावाची. मी आहेर घेऊन गेले तर वरमाईच्या खुर्चीवर एक म्हातारी ऐटीत बसलेली. मी तिला नमस्कार करून म्हटलं, नशीबवान आहात, असा मुलगा मिळाला. ती म्हणाली, "मी झुंबरबाई. मी त्याला इकत घेतला. आई ती तिकडं, खांबामागं." खांबामागे एक काळीसावळी, उंच बाई येणाऱ्याजाणाऱ्याला जेवलात का, पान वाढलं का असं विचारत उभी होती. ती नवसाबाई. स्वतःच्या मुलाच्या लग्नात वाढपी बायकांत.

झुंबरबाईने जेवता जेवता सगळं सांगितलं. नवसाबाईची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा घरातल्यांनी जे पूर्वापार करतात तेच केलं. पोर उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची झुंबरबाई जणू सहज तिथून चालली होती, तिला ते "सापडलं". तिने उचललं, घरी नेलं, सूपभर नागली, म्हणजे नाचणी, देऊन ते विकत घेतलं, आणि मग नवसाबाईकडे नुसतं सांभाळायला दिलं. म्हणजे पोर झुंबरबाईचं, नवसाबाई नुसती राखणदार. मृत्यूने दारात येऊन विचारलं, नवसाबाईचं पोर कुठाय, तर इथे तिचं पोरच नाही. नाव झुंबरबाईने ठेवलं. केस नवसाचे, सात वर्षं कात्री लागली नाही, झिपऱ्या वाढल्या, म्हणून झिपरू. आणि नवसाबाईने त्याला कधी माझा म्हणायचं नाही, त्याने तिला आई म्हणायचं नाही. तो तिला काकी म्हणतो.

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या पंचवटीत माझ्या चुलत आजोबांचं नाव धोंडू होतं आणि त्यांच्या पाठच्याचं केरू. दगडधोंडा, केरकचरा कोण चोरून नेतो? ज्या घरात पाळणे रिकामे झाले त्या घरातली ही नावं. पण आश्रमशाळेतल्या पोरांना हे कोण सांगणार? ती झिपरूच्या जटा ओढायची, उकिरड्या म्हणायची. मुलांनाच कशाला दोष द्या, गणिताचे गुरुजीसुद्धा हजेरीला "आले का महाराज" म्हणायचे. तेव्हापासून त्याला त्या नावाची जी लाज बसली ती बसली. आणि नावाची लाज कधी पाड्याची झाली, पाड्याची कधी आईची झाली, ते त्याचं त्यालाही समजलं नसावं. लग्नात आई खांबामागे राहिली याचं त्याला वाईट वाटत होतं असं मला वाटलं. नंतर एकदा बोलता बोलता म्हणाला, "बरंच झालं ताई, तृप्तीच्या घरच्यांना झुंबरबाईच बरी दिसली. तिला नीट लुगडं नेसता येतं." मी त्याला त्या दिवशी चहा पाजला नाही.

आता रेनातोबद्दल. आमचं द्राक्षं दाबायचं मोठं मशीन इटलीचं आहे आणि दर हंगामात ते सांभाळायला तिथून रेनातो येतो. पासष्टीचा, पिंपासारखा, ठेचा खाऊन घाम पुसणारा, मनात आलं ते बोलून मोकळा होणारा माणूस. मालकांनी गेल्या वर्षी एका नव्या वाइनला त्याचंच नाव दिलं, आणि कुंदनला हुकूम सुटला की या नावाची गोष्ट तयार कर, पाहुण्यांना गोष्ट लागते. कुंदन वही न घेता, नुसता मोबाइल पुढे धरून रेनातोपाशी बसला. मी शेजारीच होते, बिलं लावत.

रेनातोने सांगितलं ते असं. नाव जुन्या लॅटिनमधलं, अर्थ पुन्हा जन्मलेला. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक पाण्याने दीक्षा घेतली की नवा जन्म झाला मानायचे, तेव्हा हे नाव घ्यायचे. मग त्याला एक संत चिकटला. एका बाळाचा जीव जात होता, त्याला दीक्षा द्यायला आईने बिशपला बोलावणं धाडलं. बिशप प्रार्थनेत अडकला, उशिरा पोचला, तोवर बाळ गेलं होतं. बिशपला इतकी लाज वाटली की तो कुणाला न सांगता पद सोडून निघून गेला, समुद्रापलीकडे जाऊन कुणाच्या तरी बागेत माळी म्हणून राबू लागला. सात वर्षांनी लोकांनी त्याला शोधून परत आणलं. तो त्या बाळाच्या थडग्यावर पडून रडला, आणि बाळ उठून बसलं. त्याचं नाव ठेवलं रेनातो. पुढे फ्रान्सकडून एक राजा नेपल्सवर राज्य करायला आला, त्याचंही नाव हेच. रेनातोच्या वडिलांच्या पिढीत गल्लीगल्लीत रेनातो होते. आता नाहीत. "आता हे आजोबांचं नाव," तो म्हणाला, "माझ्या नातवाच्या वर्गात एकही नाही."

मग म्हणाला, "आमच्या घरात मात्र संतासाठी नव्हतं ठेवलं. माझ्या आधी एक भाऊ झाला, तो पाळण्यात गेला. वर्षाने मी झालो. आई म्हणाली, हा तोच आहे, परत आलाय." दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आई त्याला कबरस्तानात न्यायची, छोट्या दगडापुढे मेणबत्ती लावायची. हा सहा वर्षांचा पोरगा शेजारी उभा राहून विचार करायचा, मी इथे उभा आहे की तिथे झोपलोय? मोठा झाल्यावर मित्रांना तो सांगायचा की माझं नाव एका गायकावरून ठेवलंय. आई वारल्यावर त्याने खरं सांगायला सुरुवात केली.

मी कुंदनकडे बघितलं. तो मोबाइलच्या काचेवर बोट फिरवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. रेनातो गेल्यावर मी म्हटलं, "कुंदन, तुझी आणि त्याची आई बहिणी शोभतील रे." तो एकदम कावराबावरा झाला. "ताई, पाया पडतो, इथे कुणाला बोलू नका. रेनातो ऐकायला छान वाटतं. झिपरू ऐकलं की लोक डोक्याकडे बघतात."

गोष्ट त्याने झकास बसवली. आईचं हृदय, हरवलेलं बाळ, जमिनीखालून पुन्हा फुटलेली वेल, सगळं त्यात आलं. फक्त बिशप लाजेने पळून गेला, माळी झाला, तो भाग त्याने कापला. मी विचारलं तर म्हणाला, "गेस्टना गोड गोष्ट लागते ताई." मला तर तेवढाच भाग आवडला होता.

फेब्रुवारीत हंगामाच्या रविवारी आमच्याकडे मोठा कार्यक्रम असतो. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, लाकडी हौदात उतरून पायाने द्राक्षं तुडवतात, फोटो काढतात. त्याआधी तोडणीच्या बायका डोक्यावर क्रेट घेऊन रांगेने येतात आणि हौदात द्राक्षं ओततात. हे निव्वळ फोटोसाठी. या बाया हरसूल, पेठकडच्या, हंगामापुरत्या खाली उतरतात आणि बागांच्या कडेला ताडपत्रीची पालं ठोकून राहतात. नवसाबाईही दर वर्षी उतरते. पण कुंदनने मुकादमाला हाताशी धरून ठेवलं होतं, तिची टोळी कायम पिंपळगावच्या बाजूला जायची. मुलगा नाशकात द्राक्षाच्या कंपनीत मोठ्या कामाला आहे, एवढंच तिला ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या आठवड्यात नेहमीच्या टोळीत कुणाची तरी हळद निघाली, बाया गावी गेल्या, आणि मुकादमाने ऐन वेळी दुसरी टोळी गाडीत भरून आणली.

कुंदन माइक घेऊन हौदाशेजारी उभा. गळ्यात रेशमी रुमाल. शेजारी रेनातो, हातात त्याच्याच नावाची बाटली. गोष्ट रंगात आली होती. "आणि त्या आईने आपल्या बाळाचं नाव ठेवलं, पुन्हा जन्मलेला," असं तो म्हणाला, टाळ्या पडल्या, आणि त्याच वेळी बायांची रांग आली. तिसरी नवसाबाई होती. मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते, पण तिचं ते रुंद कपाळ आणि वरच्या दातांमधली फट विसरण्यासारखी नव्हती. कुंदनच्या तोंडातही तीच फट आहे, तो हसताना ओठ मिटून हसतो.

तिने क्रेट ओतला, मान वर केली आणि मुलगा दिसला. क्षणभर थांबली. रिकामा क्रेट पोटाशी धरून बाजूला सरकली. कुंदनने आधीचंच वाक्य पुन्हा म्हटलं. तिथेच निभावलं असतं, पण रेनातोचं लक्ष मशीनपेक्षा माणसांवर जास्त. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा याच्याकडे, आणि मोठ्याने, माइकच्या तोंडाशीच, इंग्रजीत विचारलं, "ही बाई तुझी आई आहे ना? तुझाच चेहरा आहे!"

सगळे वळून बघायला लागले. मालक, त्यांची बायको, पाहुणे, कॅमेरावाला. कुंदन हसला. ओठ मिटून. "नो, नो सर," तो म्हणाला, "या मजूर बायका आहेत. डोंगरातल्या सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात."

सारखेच असतात! मला वाटलं, उठून त्याच्या एक मुस्काटात द्यावी.

रेनातोला पटलं नाही. त्याने नवसाबाईकडे बोट केलं, मग कुंदनकडे, आणि बाळ जोजवल्यासारखे हात हलवले. हौदात उतरायला थांबलेल्या एका पुण्याच्या बाईला गंमत वाटली. ती म्हणाली, "आजी, ते विचारतायत, हा मुलगा तुमचा का?"

नवसाबाई चपापली. पदर ओढून म्हणाली, "नाय बा! माझा कशाचा? उकिरड्यावं सापडेल हाय त्यो."

हास्याचा असा काही लोट उसळला की विचारू नका. आजी काय विनोदी आहे म्हणून लोक पोट धरून हसले. पुण्याच्या बाईने तर टाळी दिली. रेनातोला कुणीतरी इंग्रजीत समजावलं, तो मात्र हसला नाही. आणि कुंदन? त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. त्याच्या आईने तीस वर्षं जे वाक्य त्याला जगवायला म्हटलं होतं तेच आज म्हटलं, आणि त्याच्या अर्धं मिनिट आधी तोही तेच बोलला होता, दुसऱ्याच कारणासाठी. ते कारण त्याला माहीत होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. माइक दुसऱ्याच्या हातात देऊन तो माझ्या ऑफिसात येऊन बसला आणि गळ्यातला रुमाल ओढून ओढून काढू लागला. गाठ सुटेना.

"ताई, तिने ऐकलं असेल का?"

"इंग्रजी तिला कळत नाही," मी म्हटलं, "पण मान कशी हलते ते कळतं."

तो ढसाढसा रडला. म्हणाला, मी गणिताच्या गुरुजींना आयुष्यभर शिव्या घातल्या, आज त्यांच्यापेक्षा हलकट मी निघालो. माझ्या मनात दोनचार कडक वाक्यं तयार होती, ती मी गिळली. शेवटी तोच म्हणाला, "पालांवर जातो. तिच्या पायावर डोकं ठेवतो. सगळ्या बायांसमोर आई म्हणतो तिला. तुम्ही चला ताई, एकट्याचे पाय उचलत नाहीत."

आम्ही माझ्या स्कूटीवर गेलो. दिवस कलला होता. पालांपुढे चुली पेटल्या होत्या, नवसाबाई भाकरी थापत होती. आम्हाला बघून टोळीतल्या बाया आपापली कामं सोडून गोळा झाल्या. कुंदन खाली मान घालून उभा. मी मनात म्हणतेय, बोल रे, बोल आता.

पण तीच आधी बोलली. हाताचं पीठ झटकत उठली आणि बायांकडे वळून म्हणाली, "बघा गं! हाच तो. एवढ्या लोकांत त्या गोऱ्याने इचारलं, ही तुझी आय का? फटदिशी नाय म्हनला! मी म्हनलं, आता हा हो म्हनतो आन् नजर लागते. एवढे कॅमेरे, एवढी तोंडं. पन नाय चुकला. शिकला, मोठा सायब झाला, पन इसरला नाय."

बाया कौतुकाने मान डोलवायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "आमची पोरं शिकली की असलं मानत नाय बाई." दुसरीने त्याच्या दंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. झिपरू तसाच उभा.

"काकी," तो कसाबसा म्हणाला, "तसं नाय गं. मला... मला लाज..."

"लाज कशाची? बरं केलंस."

"मला तुझी लाज वाटली. म्हनून म्हनलो नाय." आता तो बोलायला लागला होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मला आई म्हनू दे. आज म्हनू दे. आ..."

तिने झटकन पुढे होऊन पिठाचा हात त्याच्या तोंडावर दाबला. ती घाबरली होती. खरोखर घाबरली होती, मागे वळून झाडीकडे, रस्त्याकडे बघत होती. लाजेचं वगैरे तिच्या कानात शिरलंच नाही. तिला एवढंच कळलं की पोरगा आज हळवा झालाय आणि तोंडातून भलतं काढतोय.

"येडा झाला का? दोन घालवून बसले मी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तिसरा घालवू? तू मला काकीच म्हन. कुनी इचारलं, तर जसा आज म्हनला तसाच म्हन. माझ्या गळ्याला हात लाव. मी मरस्तोवर मला आय म्हननार नाय म्हन. चारचौघांत तर नायच नाय. म्हन!"

मला ओरडावंसं वाटत होतं, अहो बाई, तुम्ही कुणाला काय माफ करताय! पण टोळीतल्या बाया हात जोडून उभ्या होत्या, देवळात उभ्या राहाव्यात तशा. झिपरूने हात उचलला आणि आईच्या गळ्याला लावला. त्याच्या हनुवटीला नागलीचं पीठ लागलं होतं.

"नाय म्हननार," तो म्हणाला.

"मोठ्यानं म्हन. सगळ्यांना ऐकू दे."

त्याने मोठ्याने म्हटलं.